माथेरानच्या वाटेवर माकडाने ओरखडलं. माझं नेमकं कुठे चुकलं?

बदलापूरची आजी

नमस्कार मंडळी.

मी ६३ वर्षांची, बदलापूरला राहते. गुडघे अजून साथ देतात, म्हणून महिन्यातून एकदा तरी माथेरान गाठते. नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं आणि तिथून पुढे सगळं पायी. बाजारपेठेत मी रेंगाळत नाही. पिसारनाथाचं दर्शन घ्यायचं, शार्लट तलावाच्या काठाने पुढे निघायचं, जांभळी-हिरड्यांच्या सावलीत तास-दोन तास हिंडायचं आणि उजेड आहे तोवर खाली उतरायचं. त्या लाल मातीच्या वाटांवर गाडीचा आवाज नसतो, हे सुख मला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

या रविवारी पहिल्यांदाच नातीला बरोबर नेलं होतं. सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. तलावाकडून इको पॉइंटकडे जाताना वाटेत एक कुटुंब थांबलं होतं आणि वेफर्सच्या पुड्यातून माकडांना एकेक वेफर देत होतं. दहा-पंधरा माकडं असतील, लाल तोंडाची. आम्हीही थांबलो. एका माकडिणीच्या पोटाला इवलंसं पिल्लू बिलगलं होतं. नात खुदकन हसली, दोन पावलं पुढे जाऊन वाकली आणि म्हणाली, "आजी, बाळ बघ ना!" माकडिणीने अंग चोरलं आणि ओठ मागे ओढून सगळे दात दाखवले. नात आणखी खूश झाली. "आजी, तीपण हसली!"

तेवढ्यात वरच्या फांदीवर बसलेल्या मोठ्या नराने भलीमोठी जांभई दिली. मला वाटलं, दुपारची वेळ आहे, सुस्तावला असेल. आणि पुढच्याच क्षणी तो खाली होता.

त्यानंतर मी जे केलं ते क्रमाने लिहिते, कारण मला तेच विचारायचं आहे. नातीला दंडाला धरून मागे ओढलं. खांद्यावरची कापडी पिशवी पाठीमागे लपवली. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून "हाड! हाड!" ओरडले आणि छत्री उगारली. तो पिशवीला लोंबकळला. मी सोडली नाही. पिशवीचा बंद तुटला, माझ्या मनगटापासून वर कोपराच्या दिशेने दोन लांब ओरखडे उठले आणि त्यांतल्या एकातून रक्त आलं. दशम्या मातीत पडल्या, केळी घेऊन तो झाडावर. नातीला एकही ओरखडा नाही, हे तिला आंघोळ घालताना पुन्हा पुन्हा पाहून घेतलं.

बाटलीतल्या पाण्याने हात धुतला. जवळच्या टपरीवरच्या बाईंनी हळद दिली, ती लावली. सोमवारी इथल्या एका डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "माकडाला पिसाळ होत नाही, घाबरू नका," आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. आज गुरुवार. जखमेवर खपली धरली आहे.

एवढं बास ना, की अजून काही करायला हवं? त्या वाटेवर मी काय करायला हवं होतं? आणि सगळ्यात अवघड प्रश्न नातीचा आहे. ती रात्री दचकून उठते आणि एकच विचारते, "ती हसली होती ना आजी, मग तिच्या बाबांनी तुला का मारलं?" मला उत्तर देता येत नाही. तिने पुन्हा जंगलात पाऊल टाकलं नाही, तर ते माझ्यामुळे झालं असं मला आयुष्यभर वाटत राहील.

माथ्यावरची

आजी, नमस्कार. माझी एका पॉइंटवर सरबताची टपरी आहे, १९ वर्षं झाली. तुम्हाला हळद दिली ती मी नव्हे, पण मीही तीच दिली असती.

पिशवी पाठीमागे घेतलीत ना, तिथेच त्याला समजलं आत खायचं आहे. माणूस लपवतो ते खायचंच असतं, हे इथल्या प्रत्येक माकडाला पाठ आहे. प्लास्टिकची पिशवी नुसती चुरचुरली तरी वीस फुटांवरनं मान वळते. बाटलीची झाकणं फिरवून उघडतात. माझ्याकडे साखर कडीच्या स्टीलच्या डब्यात असते, वर पाटा ठेवते. फिरकीच्या झाकणाची बरणी दोन दिवस टिकली नव्हती.

पण मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पावसाळ्यात माणसं कमी असतात तेव्हा हीच माकडं रानात पोट भरतात. उंबरं खातात, कोवळा पाला ओरबाडतात, साली उचकटून किडे काढतात. मेअखेरीला जांभळं पिकली की माझ्या टपरीकडे ढुंकून बघत नाहीत. दिवाळीची आणि नाताळची गर्दी सुरू झाली की पुन्हा वाटेवर येऊन बसतात. वेफर्स खायला देणारे फोटो काढून खाली उतरतात, आणि त्याच माकडासमोर दुसऱ्या दिवशी तुमच्यासारखं कुणीतरी सापडतं. मी गिऱ्हाइकांना सांगते, देऊ नका. काही ऐकतात. काही म्हणतात, मारुतीरायाचं रूप आहे, पुण्य लागतं. मीही शनिवार करते. पण मारुतीला नारळ देवळात वाहावा, वेफर्स रस्त्यात वाटू नयेत, एवढं मला कळतं.

मी बेचकी ठेवते. दगड लावत नाही, नुसती रबर ताणून दाखवते, तेवढ्यात सरकतात. तुम्ही हातात काठी ठेवा. छत्री लहान पडते. एखादं माकड रोजच अंगावर येऊ लागलं तर वन विभागाच्या १९२६ नंबरवर सांगतो आम्ही.

दोडामार्गची सिस्टर

काकू, बाकीचं नंतर वाचा, आधी हे वाचा. आजच्या आज जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि रेबीजची लस सुरू करा.

मी सिंधुदुर्गात आरोग्य केंद्रात २२ वर्षं नर्स आहे. माकडाला रेबीज होत नाही हे खरं नाही. रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा कुत्र्यापासून येतो, म्हणून लोक माकडाचा ओरखडा सोडून देतात. पण माकडाचा चावा किंवा ओरखडाही कुत्र्यासारखाच धरून उपचार करायचे असतात. या रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेत पूर्ण उपचार घेतले तर रोग जवळजवळ होतच नाही. इतका स्वच्छ हिशोब आमच्या कामात फार कमी ठिकाणी असतो.

चार दिवस गेले म्हणून उशीर झाला असं समजू नका. उशिरा का होईना, घ्यायचीच. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी कातडीत देतात, दोन्ही दंडांवर थोडी थोडी, आणि दिवस असतात ०, ३, ७ आणि २८. ज्या दिवशी पहिली घ्याल तो शून्य. खासगीत स्नायूत देतात, त्यात चौदावा दिवसही येतो. मधली एकही तारीख चुकवू नका.

आणखी एक. तुमच्या ओरखड्यातून रक्त आलं होतं, म्हणजे ही तिसऱ्या, सगळ्यात गंभीर श्रेणीची जखम झाली. तिला नुसती लस पुरत नाही, जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं. लसीचा परिणाम व्हायला दिवस लागतात, तोवर ते संरक्षण देतं. "रक्त आलं होतं" हे तिथे तुम्ही स्वतः सांगा. खपली धरलेली बघून कुणाच्या लक्षात येणार नाही.

माथ्यावरची ताई, राग मानू नका, पण हळद लावायची नाही. चुना, तिखट, तंबाखू, काहीच नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. बराचसा विषाणू तिथेच धुऊन जातो. तुमच्या टपरीवर साबणाची एक वडी ठेवाल का? ती हळदीपेक्षा शंभर पटीने उपयोगी पडेल.

आणि रानात फिरणाऱ्या सगळ्यांसाठी आमच्याकडची गोष्ट सांगते. २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. हा विषाणू पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. तो माकडाच्या चाव्यातून येत नाही, गोचिडीतून येतो. माकडालाही तोच ताप होतो आणि ते मरतं. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी मग आजूबाजूच्या पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, पसरतात. हे सगळं जानेवारी ते मे, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात. बाया पातेऱ्यात बसून काजू वेचतात आणि ताप घेऊन घरी येतात. पहिल्या वर्षी आम्हाला हे कळेपर्यंत जी घरं फिरलो, ती मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. म्हणून दोडामार्ग, बांदा, सत्तरी या भागात रानात मेलेलं माकड दिसलं तर काठीनेही ढोसू नका. जागा लक्षात ठेवा आणि आरोग्य केंद्राला कळवा. पातेऱ्यावर बसू नका, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे वेगळे भिजवा. आठवड्याभरात ताप आणि जोरात डोकेदुखी आली तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आधी सांगा.

काकू, जाऊन आलात की इथे एक ओळ लिहा. मी वाट बघते.

बदलापूरची आजी

सिस्टर, आत्ताच परत आले. मुलगा ऑफिसातून लवकर आला आणि घेऊन गेला. रक्त आलं होतं हे सांगितलं. जखमेत इंजेक्शन दिलं, चांगलंच दुखलं, आणि दोन्ही दंडांवर लस दिली. पुढच्या तारखांचं कार्ड देवघरात ठेवलं आहे, म्हणजे रोज सकाळी नजरेला पडेल. तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही.

टोळीमागचा

आजी, सिस्टरांनी महत्त्वाचं काम केलं. आता तुमच्या नातीच्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याचं उत्तर आहे आणि ते तिला सांगण्यासारखं आहे.

शिकत असताना मी दोन हिवाळे अशाच एका टोळीमागे फिरलो. काम एवढंच, की दर पाच मिनिटांनी कोण काय करतंय ते वहीत टिपायचं. माथेरानची ही माकडं म्हणजे बॉनेट मकाक. डोक्यावर मधोमध भोवरा असतो आणि तिथून केस टोपीसारखे चहूबाजूंनी पसरतात, म्हणून काही जण टोपी माकड म्हणतात. शेपूट लांब, पार धडाहून लांब. हा प्राणी जगात फक्त भारताच्या दक्षिण भागात सापडतो. काळ्या तोंडाचं, लांब हातापायांचं ते वानर, म्हणजे वेगळा प्राणी. वानराचं पोट पाला पचवायला बनलेलं असतं. मकाकच्या गालांत पिशव्या असतात. तुमचं केळं त्याने तिथेच चावत न बसता गालात कोंबलं असेल, कारण खाली थांबलं तर टोळीतला दुसरा नर हिसकावतो. ओढायचं, कोंबायचं, वर जायचं, आणि मग निवांत चावायचं.

आता ती "हसलेली" माकडीण. ओठ मागे ओढून, दात एकमेकांवर ठेवून दाखवणं हे मकाकच्या भाषेत हसू नव्हे. ते भय आहे. "मी तुझ्यापुढे लहान आहे, मला काही करू नकोस," असं ती म्हणत होती. तुमची नात तिच्यापेक्षा उंच, पुढे वाकलेली, पिल्लाकडे टक लावून पाहणारी. टक लावून पाहणं ही त्यांच्यात धमकी असते. म्हणजे नात प्रेमाने बघत होती आणि तिकडे ते "पिल्लाला धोका आहे" असं पोचत होतं. दोघींचीही चूक नाही.

आणि तो नर झोपेला आला नव्हता. नर अशी जांभई देतो ती सुळे दाखवायला. माझ्या वहीत जांभईला वेगळी खूण होती, आणि तिच्यानंतरच्या पाच मिनिटांत भांडणाची खूण इतक्यांदा यायची की मी जांभई दिसली की पाय मागे घ्यायला शिकलो. त्यानंतर तुम्ही डोळ्यांत डोळे घातले आणि छत्री उगारली, म्हणजे त्याच्या दृष्टीने तुम्ही आव्हान स्वीकारलं. तो "बाबा" होता का, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. या टोळ्यांत अनेक नर असतात. मुली जन्मभर आईच्या टोळीत राहतात, मुलगे मोठे झाले की दुसऱ्या टोळीत जातात. टोळी खऱ्या अर्थाने आज्या, आया आणि मावश्यांची असते. हे नातीला आवडेल असं वाटतं.

काय करायचं? दात झाकायचे. नजर जमिनीवर किंवा बाजूला ठेवायची. पळायचं नाही. मूल दोन मोठ्यांच्या मधे घ्यायचं, ओढून नव्हे, आपणच त्याच्या पुढे सरकून. हात रिकामे असतील तर पंजे उघडून दाखवायचे. तिरकं, सावकाश मागे व्हायचं. आई आणि पिल्लू यांच्या मधे कधीच यायचं नाही. आणि त्याने पिशवी धरली तर सोडून द्यायची. केळी पुन्हा विकत मिळतात.

काठीबद्दल माझं आणि माथ्यावरच्या ताईंचं थोडं वेगळं मत आहे. काठी जरूर असू द्या, पण तिचं टोक जमिनीवर. खाली ठक ठक केलं तर बहुतेक बाजूला होतात, उगारली तर एखादा तापट नर उलटतो. ताईंना ती माकडं ओळखतात, त्यांची बेचकी ओळखतात. तुम्ही त्यांना अनोळखी आहात.

माणसाकडून खाणं मिळवणं ही त्यांची शिकलेली विद्या आहे. कर्नाटकात बंदीपूरच्या बॉनेट मकाकवर अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथली माकडं माणसाच्या हातात खाणं दिसलं की विशिष्ट स्वरात कू करतात आणि हात पुढे पसरतात, तेही माणसाचं लक्ष आहे की नाही हे बघून. हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. एवढी समज असलेला प्राणी आपण रस्त्याच्या कडेला भीक मागायला बसवला, गाड्यांखाली येऊ दिला, आणि वर त्यालाच चोर म्हणतो.

आजी, तिला परत न्या. पण या वेळी खायचं काही न घेता, आणि लांब बसून नुसतं बघायला.

बदलापूरची आजी

मंडळी, अठ्ठाविसाव्या दिवसाची लस झाली. कार्ड पूर्ण भरलं. सिस्टर, चारही वेळा तुमची आठवण काढली.

टोळीमागच्या दादांचं उत्तर मी नातीला त्याच रात्री वाचून दाखवलं. "ती हसत नव्हती, घाबरली होती" हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी तिला घाबरवलं?" मी म्हटलं, हो, पण तुला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभी राहून ओठ मिटून हसण्याचा सराव करत होती. रात्रीचं दचकणं तीन-चार दिवसांत थांबलं. तिला मार लागला नव्हता, तिला अन्याय झाल्यासारखं वाटत होतं, हे मला तेव्हा उमगलं.

काल आम्ही गेलो. पिशवी नाही, केळं नाही. पाण्याची बाटली मी ओढणीखाली कमरेला बांधली होती. पिसारनाथाच्या अलीकडे एका दगडावर बसलो. दूर वाटेपलीकडे टोळी होती. नातीने अर्धा तास मोजदाद केली, १७ पर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण पिल्लं जागा बदलत होती. एक म्हातारी माकडीण दुसरीच्या पाठीतलं काहीतरी वेचत होती, अगदी केसांची गुंत सोडवतात तसं. नात म्हणाली, "ही आजी असणार."

मग एक मोठं माकड फांदीवरून उतरलं आणि खालच्या लहानाने ओठ मागे ओढून दात दाखवले. मी काही बोलायच्या आतच ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हसत नाहीये. घाबरलंय ते."

माथ्यावरची ताई, तुमचा पॉइंट कुठला ते लिहाल का? पुढच्या महिन्यात दशम्या घेऊनच येणार आहे, पण कडीच्या डब्यात, आणि तुमच्या टपरीच्या आत बसून खाणार आहोत. साबणाच्या दोन वड्याही आणते.